उन्हाळ्याचे सहा शनिवार : बगीच्यातली मैफल पुढच्या वर्षी कशी करावी?

निंबोणी | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, काल मृगाची पहिली सर आली. आज सकाळी जाजमं झटकली, कडुनिंबाचा पाला घालून घड्या घातल्या आणि कपाटात ठेवली. यंदाचे आमचे सहा शनिवार संपले. म्हटलं, डोक्यात ताजं आहे तोवर इथे मांडावं.

इंदूरला अन्नपूर्णा रोडच्या आतल्या बाजूला आमची वसाहत आहे. तिच्या मधोमध बगीचा. घसरगुंडी, चार झोपाळे, एक जुना कडुनिंब, दोन गुलमोहोर, पंपाची खोली आणि तिला लागून गुडघाभर उंचीचा ओटा. अक्षय तृतीयेनंतरच्या शनिवारपासून मृगापर्यंत दर शनिवारी साडेसहा ते नऊ तिथे काही ना काही झालं. तिकीट नाही, सत्कार नाहीत, दीपप्रज्वलन नाही. पहिल्यांदा नारदीय कीर्तन, मग मुलांची दोन बालनाट्यं, तिसऱ्या खेपेला शास्त्रीय गाणं, चौथ्यांदा एकांकिका. अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ चा, म्हणून त्या आठवड्यात भारूड आणि पोवाडे. शेवटी उज्जैनहून माच, म्हणजे माळव्याचं लोकनाट्य, करणारी मंडळी आली, त्यांनी दोन प्रवेश केले.

सगळं सांगत बसत नाही, तिसरा शनिवार तेवढा सांगते. गाणारी मुलगी इंदूरचीच, घरी शिकवण्या घेते. तिने आधी फोन करून विचारलं, "काकू, तुमच्याकडे सूर्य नक्की कुठे आणि किती वाजता जातो?" मी गच्चीवर जाऊन पाहून आले आणि सांगितलं, साताच्या सुमाराला, पाण्याच्या टाकीमागे. ती साडेसहालाच येऊन बसली. तंबोऱ्याची पहिली तार तिने पंचमाऐवजी निषादाला लावली, कारण ती गाणार होती त्या मारव्यात, सूर्यास्ताच्या वेळच्या रागात, पंचमच नाही. मारवा मी आजवर सभागृहात, एसीत, रात्री साडेआठला ऐकत आले. इथे ती कोमल रिषभावर थांबली तेव्हा समोरच्या तिमजली घराच्या गच्चीवरचं ऊन विटकरी व्हायला लागलं होतं आणि पोपट कडुनिंबात शिरून कलकलाट करत होते. षड्ज ती टाळत होती, टाळत होती. अखेर लागला तेव्हा ऊन गेलेलं होतं आणि खांबावरचे दिवे अजून लागायचे होते. त्या मधल्या वेळेत कुणी हललं नाही.

आलापाच्या वेळी एका झोपाळ्याची साखळी करकरत होती, एक पोरगा त्यावर बसलेला. त्याला कुणी उठवलं नाही, गायिकेने तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर माळीदादा सायकलच्या चेनचं तेल घेऊन चारही झोपाळ्यांच्या कड्यांत थेंब थेंब सोडत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. वसाहतीत बोलणं चाललंय की पुढच्या वर्षी मोठं करू. लोखंडी सांगाड्याचा स्टेज, एलईडी पडदा, पाचशे खुर्च्या. पैसे द्यायला एक बांधकामवाले तयार आहेत, अट एवढीच की मागे त्यांचा बॅनर. माझं मन घेत नाही. मला वाटतं, आवाज जिथवर पोचेल तिथवरच मैफल असावी. तरी मी चुकत असेन तर सांगा. आणि बरोबर असेन, तर हे नीट कसं करायचं तेही सांगा, कारण चुका पुष्कळ झाल्यात.

पोहेजिलेबी | रविवार, रात्री १०:०५

काकू, सहाही शनिवार होतो! आधी मनापासून थँक्यू. पण खरं सांगतो, बालनाट्याच्या दिवशी मी मागे गुलमोहोरापाशी उभा होतो आणि मला नाटकातली अर्धी वाक्यं कळली नाहीत. माझी भाची त्यात झाड झाली होती, तिला चारच वाक्यं होती, त्यातलं एक ऐकू आलं. ती घरी येऊन विचारते, "मामा, माझं ते पानगळीचं वाक्य कसं वाटलं?" काय सांगणार? माइक नको हे ठीक आहे, पण मग मुलांनी काय करायचं?

रामबागकर | रविवार, रात्री ११:२०

निंबोणीताई, धाग्याबद्दल आभार. तिसऱ्या शनिवारी गाण्याला तबल्याच्या साथीला मीच होतो, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

मोकळ्यावर तबला वाजवणं हा वेगळाच अभ्यास आहे. मी घरून काळी चार या पट्टीला तबला लावून निघालो. रिक्षात वीस मिनिटं उन्हाची झळ लागली, तेवढ्यात पुडी, म्हणजे वरचं कातडं, तापून स्वर चढला. रिक्षातून उतरल्यावर गट्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) खालून वर ठोकून स्वर उतरवला. जरा स्थिर झाला म्हणेपर्यंत माळ्याने समोरच्या मातीवर पाणी मारलं, ओल उठली, आणि सव्वासातला तबल्याचा स्वर खाली यायला लागला. विलंबित चालू असताना हातोडी हातात घेणं बरं दिसत नाही. दोन आवर्तनं अंगठ्याने गजरा (पुडीच्या कडेची वेणी) दाबून पाहिला, मग गायिकेकडे बघितलं. तिने मानेनेच हो म्हटलं आणि तंबोऱ्यावर थांबली. मी गजऱ्यावर चार ठोके दिले, शाई पुसली, पुन्हा समेवर आलो. लोकांनी ते सगळं बघितलं. सभागृहात हे घडलं असतं तर मला अवघडल्यासारखं झालं असतं. इथे पुढे बसलेली पाच-सात पोरं सरकत सरकत अगदी तबल्यापाशी आली आणि गाणं संपल्यावर एकाने विचारलं, "आजोबा, तुम्ही त्याला मारलं तेव्हा तो काय म्हणाला?" त्या मुलाला मी रविवारी सकाळी घरी बोलावलंय. येतोय.

ज्या गावात नाना पानसे पखवाज वाजवून आणि शिकवून गेले, जिथे उस्ताद अमीर खाँसाहेब (१९१२–१९७४) वाढले, त्या गावातल्या मुलाने लाकूड आणि कातडं हातभर अंतरावरून बघायला पाहिजे. पाचशे खुर्च्या मांडल्यात तर तो मुलगा शेवटच्या रांगेत बसेल आणि एलईडीवर माझे हात बघेल.

सूचना एकच. पाणी सहाच्या आत मारून घ्या. ओल बसायला तासभर द्या.

तिसरी घंटा | सोमवार, सकाळी ८:१५

रामबागकर काकांशी सहमत, आणि पोहेजिलेबी यांचा प्रश्न खरा आहे म्हणून त्याला उत्तर देतो. वीसेक वर्षं इंदुरात हौशी रंगभूमीवर काम करतोय.

बालनाट्य ऐकू आलं नाही याचं कारण मुलं नाहीत, जागा आहे. तुम्ही खेळ बगीच्याच्या मधोमध केलात, चहूकडून मोकळं. सभागृहात नटाच्या मागे आणि डोक्यावर भिंती असतात, आवाज त्यांच्यावर आपटून प्रेक्षकांकडे परत येतो. मोकळ्यावर तो निम्मा मागे निघून जातो, वर तर आभाळच. तुमच्याकडे पंपाच्या खोलीची भिंत आयती आहे. तिला पाठ लावून, हात-दीड हात पुढे खेळ करा. जाजमं समोर अर्धवर्तुळात, लांबट नको. मागच्या बाजूला उभी राहणारी मंडळी असतात, त्यांच्यासाठी आणि बायकांसाठी कडेच्या फरशीवर बाकं.

मुलांना ओरडायला सांगू नका. ओरडलं की स्वर मोठे होतात आणि व्यंजनं गळतात, शब्द कळायला तर व्यंजनंच लागतात. वाक्याचा शेवट खाली पाडायचा नाही, एवढं एक शिकवलंत तरी पुरे. आणि चालताना बोलायचं नाही: आधी चाल, थांब, मग बोल. झाड झालेल्या मुलीला तर चालायचंही नव्हतं!

दिव्यांबद्दल: पांढऱ्या हॅलोजनवर त्या दिवशी किडे इतके जमले की एकांकिकेतली आई चहा ओतताना दर वाक्याला कपावर हात धरत होती. पिवळे दिवे वापरा, त्यांच्यावर किडे कमी येतात. आणि एक जास्तीचा पांढरा दिवा लांब, कुंपणापाशी लावून ठेवा, किडे तिकडे जातील.

आणखी एक. एकांकिका कुणाचीही असो, प्रयोग फुकट असला तरी लेखकाला पत्र लिहून परवानगी मागा आणि नारळ-मानधन काय जमेल ते पाठवा. बगीचा आहे म्हणून ही रीत सोडू नये.

मागची गल्ली | सोमवार, दुपारी २:३०

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहावंसं वाटलं. चौथ्या शनिवारी आवाजाबद्दल निंबोणींना फोन केला ती मीच.

माझी ड्यूटी पहाटे चारला सुरू होते आणि वडील अंथरुणाला खिळून आहेत. बगीच्याच्या मागच्या गल्लीत, पंपाच्या खोलीपासून चौथं घर. त्या दिवशी लाउडस्पीकरचे दोन मोठे डबे आमच्या खिडकीच्या दिशेला तोंड करून ठेवलेले होते. खिडकीची तावदानं थरथरत होती. वडील घाबरून विचारत होते, काय झालं, काय झालं. मी भांडायला फोन केला नव्हता, पण आवाज चढला माझा. नियम तुम्हालाही माहीत असेल: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद आणि वसाहतीत दिवसासुद्धा ५५ डेसिबलची मर्यादा. तुम्ही नऊला संपवलंत, वेळ पाळलीत, हे मान्य. पण नऊच्या आतलं तेवढंच सहन होण्यासारखं असतं असं नाही.

हेही सांगते. तिसऱ्या शनिवारी खिडकी उघडी होती. गाणं लांबून येत होतं. वडील शांत झोपले.

निंबोणी | सोमवार, रात्री ९:१०

मागची गल्ली, तुम्ही इथे लिहिलंत याचं फार बरं वाटलं. चूक आमची. बालनाट्य ऐकू आलं नाही म्हणून लोक बोलले, म्हणून मी घाईघाईत एका साउंडवाल्याकडून डबे आणले आणि ते कुठे तोंड करून ठेवले हे बघितलंसुद्धा नाही. तुमचा फोन आल्यावर आवाज कमी केला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. वडिलांना आमचा नमस्कार सांगा. पुढचे दोन शनिवार माइक न आणण्याचं खरं कारण तुमचा फोन हेच होतं.

तिसरी घंटा, भिंतीचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मध्यभागी गोल छान दिसतो म्हणून तिथे बसवलं.

अणुरेणू | सोमवार, रात्री १०:००

शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून मागची गल्ली यांच्या शेवटच्या दोन ओळींवर थांबलो. "गाणं लांबून येत होतं" याचं कारण आहे.

दुपारी जमीन तापलेली असते, जमिनीलगतची हवा गरम आणि वरची त्यामानाने गार. आवाज गरम हवेतून भरभर जातो, गार हवेतून सावकाश. त्यामुळे दुपारी आवाजाची वाट वरच्या बाजूला वळते आणि तो लोकांच्या डोक्यावरून निघून जातो. सूर्य गेल्यावर उलटं होतं. निरभ्र आभाळाखाली जमीन पटकन निवते, जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, आणि आवाज खाली वळून जमिनीला धरून लांबवर जातो. आपलं इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, माळव्याच्या पठारावर. दिवसा चाळिशी पार करून रात्री इथे वारा सुटतो आणि हवा निवते. "शब-ए-मालवा", माळव्याची रात्र, म्हणतात ते हेच. जुन्या लोकांनी रात्रीचं कौतुक उगाच केलेलं नाही, ऐकण्यासाठी ही रात्र खरंच चांगली असते.

तात्पर्य, साडेसहाला नाजूक काही ठेवू नका. त्या वेळी पोवाडा, भारूड, ढोलकी. सव्वासातनंतर हलक्या आवाजाचं. आणि वारा कुठून येतो ते बघा. मे-जूनमध्ये आपल्याकडे पश्चिमेचा वारा असतो. गाणारा पश्चिमेला आणि ऐकणारे पूर्वेला बसले तर वाराच आवाज घेऊन येईल. पंपाची खोली कुठल्या बाजूला आहे?

निंबोणी | सोमवार, रात्री १०:२०

पश्चिमेला! आणि मागची गल्ली तिच्याही मागे.

अणुरेणू | सोमवार, रात्री १०:२४

मग भिंत आणि वारा दोन्ही तुमच्या बाजूने आहेत, आणि त्या गल्लीच्याही.

शिप्राकाठ | मंगळवार, सकाळी ११:४५

उज्जैनहून. सहाव्या शनिवारी आमच्याकडची मंडळी तुमच्याकडे आली होती त्यांच्यासोबत मी होतो. मराठी घरातला असलो तरी लहानपणापासून माच बघत आलोय, म्हणून इथे निंबोणीताईंना जरा विरोध करणार आहे.

ताई, तुम्ही आम्हाला जाजमावर उतरवलंत. माच म्हणजेच मंच. तो उंच असतो आणि कडेने उघडा असतो, चहूकडच्या लोकांना दिसावं म्हणून. गुरू गोपाळजी, बालमुकुंदजी यांच्या वेळेपासून ही उंची आहे. जमिनीवर माच केला की ढोलकवाला दिसत नाही, आणि ढोलक दिसला नाही की रंगत (आम्ही चालीला रंगत म्हणतो) निम्मी होते. खुर्च्या, पडदे, बॅनर काही नको, त्यात मी तुमच्या बाजूने आहे. पण ओटा द्या. तो तिथे आहेच, त्या दिवशी त्यावर चपलांचा ढीग होता.

एक गोष्ट मात्र त्या दिवशी अशी झाली की आमचे सगळे खूश होऊन परत गेले. माचात पडदा नसतो, म्हणून खेळाची सुरुवात एका कामाने होते. आधी भिश्ती येतो, तो गात गात जमिनीवर पाणी शिंपडतो. मग फर्रासन येते, ती जाजम अंथरते. ही दोन्ही नाटकातली पात्रं. धूळ बसवणं आणि अंथरणं हा खेळाचाच भाग, मग पुढे देवाची वंदना. आम्ही साडेपाचला पोचलो तेव्हा तुमचे माळीदादा पाइपने पाणी मारत होते आणि मुलं जाजम ओढून आणत होती. आमच्यातला भिश्ती करणारा, साठीचा माणूस, कपडे न बदलताच पुढे गेला आणि माळीदादांच्या बाजूला उभा राहून भिश्तीचे बोल म्हणायला लागला. माळीदादा आधी लाजले. मग त्यांनी पाइपचं तोंड बोटाने दाबून फवारा केला आणि ठेक्यावर फिरवायला लागले. मुलांना वाटलं हेच सुरू झालं, आणि खरंच सुरू झालं होतं. तुमचे प्रेक्षक सात वाजता आले, त्यांचा तो भाग हुकला.

माचच्या कलाकाराला, उज्जैनच्या ओमप्रकाश शर्मांना, २०२४ साली पद्मश्री मिळाली. तेव्हापासून निमंत्रणं वाढली आहेत, पण बहुतेक वीस मिनिटांची, सरकारी मंचावर, मान्यवर उठायच्या आत आटपा म्हणून. तुम्ही दीड तास दिलात. ओटा द्याल तर पुढच्या वर्षी अख्खा खेळ करू.

निंबोणी | मंगळवार, दुपारी १२:३०

ओटा तुमचा. चपला कुंपणापाशी. आणि निमंत्रणात वेळ साडेपाच लिहू, म्हणजे पाणी मारण्यापासून लोक येतील. शिप्राकाठ, तुम्ही म्हणता ते मला पटलं: जमिनीवर असणं हा माझा हट्ट होता, तुमच्या खेळाची ती गरज नव्हती.

इंदूरचा नातू | मंगळवार, रात्री ८:५०

मी थोडं वेगळं म्हणतो. माच, मालवी वगैरेसाठी सरकारी महोत्सव आहेत. मराठी मुलांना मराठी कानावर पडायची जागा इंदुरात किती उरल्यात? घरात हिंदी, शाळेत इंग्रजी. माझ्या मुलाला "ओसरी" शब्द माहीत नाही. हे सहा शनिवार फक्त मराठीचे ठेवा अशी कळकळीची विनंती.

गोधडी | मंगळवार, रात्री ९:३०

इंदूरचा नातू, बाळा, तुझी कळकळ कळते मला. मी लग्न होऊन साताऱ्याहून इंदूरला आले तेव्हा इथलं "तो येऊन राहिलाय", "मी जाऊन राहिलेय" ऐकून हसत असे. आता माझी भावंडं मला हसतात. भाषा शेजारणीसारखी असते, आपल्या घरी येते तेव्हा दोन वाट्या घेऊन येते आणि दोन घेऊन जाते. कीर्तनाच्या दिवशी आमच्या चौकीदाराची बायको, निमाडची, पहिल्यापासून शेवटपर्यंत बसली होती. पूर्वरंगातलं निरूपण तिला किती समजलं कोण जाणे. पण उत्तररंगात आख्यान सुरू झालं आणि बुवांनी चिपळी थांबवून आवाज खाली आणला, तेव्हा ती माझ्या आधी पुढे झुकली. मध्यंतरात बुक्का लावायला आले तर तिने पोराचं कपाळ पुढे केलं. त्या पोराच्या कानावर मराठी पडलंच ना? दारं बंद केलीस तर तुझ्या मुलाच्या कानावर पडेल, त्याच्या मित्राच्या पडणार नाही. आणि मित्र आला नाही तर तुझा मुलगाही येणार नाही.

अनंतफंदीची आख्यायिका आमच्या सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली. फंदी तमाशाचा फड घेऊन होळकरांच्या मुलखात आला, अहिल्याबाईंनी त्याला सांगितलं की तुझी वाणी भगवंताच्या कामी लाव, आणि तेव्हापासून तो कीर्तनाला उभा राहिला. कीर्तन आणि आपलं हे गाव असं जोडलेलं आहे. म्हणून पहिला शनिवार कीर्तनाचाच असू दे गं निंबोणी.

आणि एक मागणं. जाजमावर बसलं की मला उठता येत नाही. पाचशे नको, पण पंधरा खुर्च्या ठेवा, शेवटी नको, बाजूला, भिंतीजवळ. शेवटी ठेवल्या की आम्ही म्हाताऱ्या ऐकू येत नाही म्हणून घरी जातो.

इंदूरचा नातू | मंगळवार, रात्री १०:१५

आजी, मुलाला घेऊन येईन. त्याच्या मित्रालाही.

दूरदेशी | बुधवार, दुपारी १:००

सध्या बंगळूरला, मन लोकमान्य नगरात. बॅनर आणि एलईडीच्या मुद्द्यावर इंदूरचीच एक गोष्ट आठवली.

१९१७ सालची दिवाळी. शहरात प्लेगची भीती. होळकर दरबाराने नगररचनेसाठी स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडेस यांना बोलावलं होतं. त्यांचा इंदूरचा अहवाल पुढे १९१८ मध्ये दोन खंडांत निघाला. घरं साफ करा म्हणून नोटिसा लावून काही होणार नाही हे ओळखून त्यांनी मिरवणूक काढली. आधी जाहीर केलं की मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही, ज्या भागातली घरं सर्वांत स्वच्छ आणि नीट केलेली असतील तिथून जाईल. लोक घरं रंगवायला, अंगणं झाडायला लागले. मिरवणुकीत अस्वच्छतेचा राक्षस होता, प्लेगचा प्रचंड उंदीर होता, त्यांच्यामागून सफाई कामगार पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, झाडूंना फुलं बांधून, मानाने चालत होते. शेवटी त्या राक्षसाचं आणि उंदराचं दहन.

ज्यांच्याकडे कधी कुणी बघत नव्हतं ते त्या दिवशी खेळाच्या मध्यभागी आले, ही मला त्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आपल्या गावाला असा खेळ शंभर वर्षांपूर्वी जमलेला आहे. शिप्राकाठ यांनी माळीदादांच्या फवाऱ्याचं लिहिलं ते वाचताना हेच डोळ्यासमोर आलं. ज्या ठिकाणी बांधकामवाल्याचा बॅनर लागेल, त्या ठिकाणी माळीदादा उभे राहू शकणार नाहीत.

पोहेजिलेबी | बुधवार, दुपारी १:४०

+१. पण काकू, पैशांचं काय? कलाकारांना फुकट बोलवायचं का? ते मला पटत नाही.

निंबोणी | बुधवार, रात्री ९:००

फुकट कुणालाच बोलावलं नाही आणि बोलावणारही नाही. यंदा गणपतीच्या वर्गणीसारखी घरोघर वर्गणी काढली. त्यातून मानधन, उज्जैनच्या मंडळींचं गाडीभाडं आणि जेवण, माठ, दिव्यांच्या वायरी. जाजमं गणेशोत्सवाचीच. मुलांच्या बालनाट्याला खर्च जवळजवळ नव्हता, पानं आयांनी जुन्या हिरव्या साडीतून कापली. डबे आणले नसते तर त्या पैशांत आणखी एका कलाकाराचं मानधन निघालं असतं, हे हिशेब लिहिताना लक्षात आलं आणि फार लागलं.

बांधकामवाल्यांना आज नम्रपणे नाही कळवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, वर्गणीची पावती फाडा, आमच्या घराच्या नावाने, बाकीच्यांची असते तेवढीच.

आता काम. तिसरी घंटा आणि अणुरेणू, तुम्ही सांगितलेलं करून बघायचं आहे. उद्या पावसाची उघडीप आहे. संध्याकाळी सव्वासातला या. पोहेजिलेबी, भाचीला घेऊन ये. मागची गल्ली, तुम्हाला जमलं तर तुमच्या खिडकीपाशी उभ्या राहाल का?

पोहेजिलेबी | गुरुवार, रात्री ९:५०

लिहायला काकूंनी मला सांगितलंय.

आम्ही नऊ जण होतो. भाची आधी बगीच्याच्या मधोमध उभी राहिली, जिथे खेळ झाला होता तिथे. तिने तिची चार वाक्यं म्हटली. आम्ही तिच्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जात राहिलो, आणि ज्याला ज्या ठिकाणी शब्द कळेनासा झाला त्याने तिथे वीट ठेवली. बहुतेकांच्या विटा चौदा-पंधरा पावलांवर पडल्या. मग ती पंपाच्या खोलीच्या भिंतीला पाठ करून उभी राहिली. तिसरी घंटा काकांनी तिला एवढंच सांगितलं, "वाक्याचं शेवटचं अक्षर खाली पडू द्यायचं नाही, झेलायचं." तिने दोनदा म्हणून बघितलं. विटा तेवीस पावलांवर गेल्या. रामबागकर आजोबांची एकवीसवर, पण त्यांनी यंत्र कानात घातलं नव्हतं.

मी गुलमोहोरापाशी होतो, तिथून भिंत बावीस पावलं. पानगळीचं वाक्य पूर्ण ऐकलं. तिला जाऊन सांगितलं.

मागची गल्ली | गुरुवार, रात्री १०:१०

मी खिडकीत होते. कुणीतरी लहान मूल बोलतंय इतकंच कळत होतं, शब्द नाही. वडिलांना काही त्रास झाला नाही. पुढच्या वर्षी कीर्तनाच्या दिवशी खुर्चीतून आणता आलं तर त्यांना आणायचं म्हणतेय. गोधडी आजींच्या बाजूला जागा ठेवाल का?

गोधडी | गुरुवार, रात्री १०:१८

ठेवली.

निंबोणी | शुक्रवार, सकाळी ७:३०

आज सकाळी विटा उचलायला गेले तर माळीदादांनी थांबवलं. कसल्या विटा आहेत ते काल त्यांनी भाचीकडून विचारून घेतलं होतं. म्हणाले, असू दे, पाऊस चांगला लागला की या रेघेवर गवती चहाची ठोंबं लावतो, उन्हाळ्यापर्यंत गुडघाभर होतील. त्यांनी तेवीस पावलांची वीट एक पाऊल आत घेतली. का, विचारलं तर म्हणाले, "ठोंबं पसरतात."